खुंटलेल्या फांद्यांचा हिशोब : प्रस्तावना

आमच्या घरात एक वंशावळ आहे. आजोबांच्या चुलत्यांनी जाड कागदावर बोरूने काढलेली. मूळ पुरुष तळाशी, त्याचे मुलगे त्याच्या वर, त्यांचे मुलगे त्यांच्या वर, असं करत कागद संपेपर्यंत गेलेलं झाड. घड्यांवर कागद फाटला तेव्हा कुणीतरी मागून जुन्या पंचांगाची पानं चिकटवली. या झाडाच्या पुष्कळ फांद्यांना पुढे नाव नाही, नुसतं एक अक्षर आहे : 'नि.' लहानपणी मला वाटायचं, हा कुणी निळकंठ असेल आणि पूर्ण नाव लिहायला जागा पुरली नसेल. आजोबांनी सांगितलं, नि. म्हणजे निर्वंश.

तेव्हापासून ते अक्षर मोजायची खोड लागली. निम्म्याहून जास्त फांद्या तिथेच थांबतात, आणि घरात त्यातल्या प्रत्येकीची एकेक गोष्ट होती. एका शाखेने वारूळ खणलं म्हणून नागाचा शाप लागला. दुसरीने देवस्थानची जमीन खाल्ली. तिसरी प्लेगात गेली. ही गोष्ट बहुधा खरी असावी. जे घर मागे राहिलं त्याच्याबद्दल मात्र शापाची गोष्ट नव्हती, पुण्याईची होती. ते घर अर्थातच आमचं.

हे पुस्तक लिहायला बसलो ते या गोष्टींशी भांडायला. माझं म्हणणं इतकंच, की त्या बहुतेक फांद्यांना गोष्टीची गरज नाही. कुणी वारूळ खणलं नसतं, जमीन ज्याची त्याला राहिली असती, तरी साधारण इतक्याच फांद्या खुंटल्या असत्या. कोणत्या खुंटतील ते आधी सांगता आलं नसतं. किती खुंटतील ते बऱ्यापैकी सांगता आलं असतं. या 'किती'चं गणित सुमारे पावणेदोनशे वर्षं चाललं आहे.

गणिताची भीती असणाऱ्यांसाठी आधी एक खेळ. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुतणीला घेऊन सोसायटीच्या दाराजवळच्या पाटीवरून वीस आडनावं उतरवून घेतली. प्रत्येक आडनावाचा एकच पुरुष आहे असं धरायचं. त्याच्या वतीने दोन नाणी उडवायची. जितके छापे, तितके मुलगे. दोन्ही काटे पडले तर तो निर्वंश. मग प्रत्येक मुलाच्या वतीने पुन्हा दोन नाणी. पहिल्याच फेरीत सहा आडनावं गेली, त्यात आमचं. पुतणी चिडली, तिने पुन्हा टाकायला लावलं. पुन्हा दोन्ही काटे. तिसऱ्यांदा टाकू दिलं नाही.

या खेळात दर माणसामागे सरासरी बरोबर एक मुलगा आहे. म्हणजे वस्ती ना वाढते, ना घटते. शंभर घरांनी सुरुवात केली तर पहिल्या पिढीनंतर सरासरीने २५ घरं बुडालेली असतात, दुसरीनंतर ३९, तिसरीनंतर ४८. पाच पिढ्यांनी ६०. दहा पिढ्यांनी, म्हणजे पेशवाईच्या आरंभापासून आजवर जितका काळ गेला तितक्यात, ७४. गावात माणसं मात्र शंभरच्या आसपासच असतात. फक्त ती आता शंभर आडनावांत नव्हे, सव्वीस आडनावांत वाटली गेलेली असतात, दर आडनावाला चारच्या आसपास. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी परागंदा झालं नाही, आणि तरी तीनचतुर्थांश नावं नाहीशी झाली. ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा पोटात थोडं कसंतरी होतं. मला झालं होतं.

बुडणं लवकर होतं, हेही या आकड्यांत दिसतं. पहिल्या तीन पिढ्यांत जवळजवळ निम्मी घरं जातात. पुढच्या सात पिढ्यांत मिळून फक्त आणखी सव्वीस. एकदा घरात चार-पाच पुरुष झाले की सगळ्यांच्याच नाण्यांवर एकदम काटे पडायची शक्यता बारीक होत जाते. एकटा मुलगा असलेलं घर मात्र दर पिढीला कड्याच्या टोकावर उभं असतं. आपल्याकडे 'एकुलता एक' या शब्दामागे जी धास्ती आहे, तिला हिशोबाचा आधार आहे.

नाण्यांचा खेळ आपला. खऱ्या माणसांचं काय? माल्थसने लोकसंख्येवरच्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचा दाखला दिला आहे. तिथल्या सभेने १५८३ ते १६५४ या काळात ४८७ घराण्यांना नागरिकत्वाचे हक्क दिले. १७८३ साली त्यातली १०८ उरली होती, ३७९ नामशेष. हे लोक उपाशी मरणारे नव्हते. शहरातले मानकरी होते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या युरोपात हा प्रश्न सतावत होता, की खालची गर्दी वाढत असताना वरची घराणी का विझतात. चैनीने? उशिरा लग्न करण्याने? रक्त पातळ झाल्याने? आमच्या वारुळाच्या गोष्टीची ही युरोपीय आवृत्ती.

गोष्टीऐवजी हिशोब मांडणारा पहिला माणूस, आज आपल्याला माहीत आहे त्याप्रमाणे, इरेने-ज्यूल बिएनेमे. फ्रेंच अर्थखात्यात नोकरी केलेला, संख्याशास्त्रात मुरलेला. १८४५ साली त्याने कुटुंबांच्या टिकण्यावर एक लहानसं टिपण वाचलं. त्यात निष्कर्ष बरोबर होता : सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगे असतील तर वंश केव्हा ना केव्हा बुडणारच, एकाहून जास्त असतील तर टिकायची काही शक्यता उरते. मात्र या टिपणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सव्वाशे वर्षांनी, १९७२ साली, ख्रिस हाइड आणि यूजीन सेनेटा या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ते पुन्हा उजेडात आणलं. तोवर साऱ्या पाठ्यपुस्तकांत दुसऱ्याच दोघांची नावं छापून झाली होती.

ते दोघे म्हणजे फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री विल्यम वॉटसन. गाल्टन हा चार्ल्स डार्विनचा सावत्र नात्याने आतेभाऊ, सगळं मोजण्याचा नाद असलेला. पुढे १८८३ साली 'युजेनिक्स' हा शब्द घडवून त्याने जगाच्या डोक्याला जो ताप लावला तो वेगळा. 'हेरेडिटरी जीनियस' या १८६९ च्या पुस्तकात त्याने उमरावपद मिळालेल्या ३१ इंग्रज न्यायाधीशांचे वंश तपासले होते. त्यातले १२ बुडालेले. त्याचं कारणही त्याने शोधलं होतं. उमराव लोक श्रीमंतीसाठी एकुलत्या वारस मुलींशी लग्नं करतात, आणि ज्या घरात एकच मुलगी वाचली ते घर मुळातच कमी संततीचं, असा त्याचा तर्क. चतुर तर्क आहे. पण जिनिव्ह्याच्या अल्फाँस द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ साली शंका काढली : नुसत्या योगायोगाने किती घराणी बुडली असती, हे आधी काढल्याशिवाय बाकी कारणं सांगायचा काय अर्थ?

गाल्टनचा मोठेपणा हा, की त्याला ही शंका पटली. १ एप्रिल १८७३ च्या 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये त्याने क्रमांक ४००१ चं कोडं घातलं. एका प्रदेशात अनेक पुरुष जाऊन वसले, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. दर पिढीत इतक्या टक्क्यांना एकही मुलगा नाही, इतक्यांना एक, इतक्यांना दोन, असं पाचापर्यंत. तर अमुक पिढ्यांनंतर किती आडनावं बुडतील? आलेलं उत्तर साफ चुकीचं निघालं, तेव्हा गाल्टनने वॉटसन या गणिती पाद्र्याला गळ घातली. १८७४ साली दोघांचा निबंध वाचला गेला आणि विषयाला नाव मिळालं : गाल्टन-वॉटसन प्रक्रिया.

आणि तिथेच एक सुंदर चूक झाली. पुस्तकात मी तिच्यावर बराच वेळ घालवला आहे, इथेही थोडा घालवतो.

समजा, एका माणसाचा वंश कधीतरी बुडण्याची शक्यता क्ष आहे. बुडायचे मार्ग कोणते? त्याला मुलगाच नसेल. किंवा एक मुलगा असेल आणि त्याचा वंश बुडेल, त्याची शक्यता पुन्हा क्ष. किंवा दोन असतील आणि दोघांचेही बुडतील, त्याची क्ष गुणिले क्ष. या सगळ्यांची बेरीज म्हणजे क्ष. वॉटसनने मांडलेल्या गणिताचा गाभा हाच, आणि ही मांडणी आजही आपण वापरतो. या समीकरणाचं एक उत्तर नेहमीच १ येतं. टक्क्यांची बेरीज शंभर भरते म्हणून येतं, त्यात विशेष काही नाही. वॉटसनला १ दिसला आणि तो थांबला. म्हणजे प्रत्येक आडनाव, वस्ती कितीही भराभर वाढत असली तरी, शेवटी बुडणारच असा अर्थ झाला.

आता शंभर पुरुषांचं असं गाव घ्या, की २५ जणांना मुलगा नाही, २५ जणांना एक आणि ५० जणांना दोन. सरासरी सव्वा मुलगा. गाव दर पिढीला पाव पटीने वाढतंय. समीकरण सोडवा. दोन उत्तरं येतात : १ आणि अर्धा. खरं उत्तर अर्धा आहे. निम्मे वंश बुडतात, निम्मे फोफावतात. सरासरी एकाहून जास्त असली की हे दुसरं, लहान उत्तर नेहमी हजर असतं, आणि तेच खरं असतं. वॉटसनसारख्या कसलेल्या गणित्याच्या हातून ते कसं निसटलं, याची कारणं पुष्कळांनी शोधली आहेत. मला वाटतं, विझत चाललेल्या घराण्यांच्या चर्चेत बसलेल्या माणसाला जे उत्तर अपेक्षित होतं तेच समोर आलं, म्हणून दुसरं शोधलं नाही. हे आपलं माझं मत. गाल्टनला स्वतःला मूल नव्हतं, हेही जाता जाता.

चूक दुरुस्त व्हायला अर्धं शतक लागलं, आणि दुरुस्ती निरनिराळ्या दारांनी आत आली. एक दार जनुकशास्त्राचं. एखादं नवं जनुक एकाच प्राण्यात उपजलं तर ते टिकेल का, हा प्रश्न आडनावाच्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ. रोनाल्ड फिशरने १९२२ साली तो हाताळला आणि जे. बी. एस. हाल्डेनने १९२७ साली दाखवलं, की एक टक्क्याचा फायदा देणारं जनुकसुद्धा टिकायची शक्यता साधारण दोन टक्केच असते. चांगलं जनुक शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा उगाच मरतं. हा हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

दुसरं दार डेन्मार्कच्या टेलिफोन कंपनीचं. ए. के. एरलांग हा तिथला गणिती. त्याच्या आईचं माहेर क्रारुप, आणि ते नाव विझत चाललेलं. त्याने घातलेलं कोडं १९२९ साली, त्याच्या निधनाच्या वर्षी, छापून आलं, आणि पुढच्याच वर्षी जे. एफ. स्टेफेन्सनने त्याचं पूर्ण उत्तर दिलं. एरलांग अविवाहित होता. या विषयाशी संबंध आलेल्यांचे वंश मोजत बसू नये, मन खट्टू होतं.

मग आल्फ्रेड लोटका. १९३१ साली त्याने अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या १९२० च्या जनगणनेचे आकडे या साच्यात घातले. दर पुरुषामागे सुमारे सव्वा मुलगा, म्हणजे भरभराटीची लोकसंख्या. उत्तर आलं : शंभर वंशांपैकी सुमारे ब्याऐंशी बुडणार. वरच्या माझ्या गावात सरासरी तीच असून पन्नास बुडत होते, मग इथे ब्याऐंशी का? कारण मुलगे समान वाटलेले नव्हते. जवळजवळ निम्म्या पुरुषांना वंश चालवणारा मुलगाच नाही, आणि काहींना सहा-सात. सरासरी दोन्हीकडे एकच, पण पसारा जितका जास्त तितकं मरण जास्त. या विषयातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी ही सांगेन. सरासरीवर विसंबणाऱ्याला इथे दर वळणावर फटका बसतो.

यानंतर गणित आडनावांपासून दूर गेलं आणि तिथे श्रीमंत झालं. रशियात कोल्मोगोरोव्हने १९३८ पासून त्याला खोली दिली. 'ब्रांचिंग प्रोसेस', आपण शाखन-प्रक्रिया म्हणू, हे नाव त्याच्या आणि दिमित्रियेव्हच्या १९४७ च्या लेखातलं. अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉसला हॉकिन्स आणि उलाम १९४४ साली हाच हिशोब न्यूट्रॉनवर करत होते : एक न्यूट्रॉन अणू फोडतो, त्यातून दोन-तीन निघतात, त्यातले किती पुढचे अणू फोडतील? सरासरी एकाच्या खाली असेल तर साखळी विझते. वर असेल तर अणुबाँब होतो. टेड हॅरिसचा १९६३ चा ग्रंथ आणि कृष्णा अथ्रेया व पीटर ने यांचा १९७२ चा, ही या शाखेची दोन प्रमुख पुस्तकं. २०२० साली रोज टीव्हीवर 'आर' नावाचा आकडा सांगायचे, एक रोगी सरासरी किती जणांना लागण देतो तो. तो हाच आकडा, मुलाच्या जागी रोगी.

या सगळ्यात आडनावं मागे पडली, कारण गणित्यांच्या लेखी ती नुसतं निमित्त होती. ती परत आणली मानववंशशास्त्रज्ञांनी आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञांनी. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ सालीच, नवरा-बायको दोघांचं आडनाव आधीपासून एकच असलेली लग्नं मोजून, चुलत भावंडांमधल्या लग्नांचा अंदाज बांधला होता. त्या युक्तीला १९६५ साली क्रो आणि मेंज यांनी शास्त्राचं रूप दिलं, आणि गावोगावच्या चर्चच्या वह्यांमधून आडनावं गोळा करून तिथल्या रक्तसंबंधांचा हिशोब करणारी एक परंपराच उभी राहिली. भौतिकशास्त्रज्ञांना वेगळीच खाज होती. कोणत्याही देशाची आडनावं घेतली तर मूठभर नावं प्रचंड मोठी आणि असंख्य नावं चिमुकली, असं का? दामियान झानेत्ते आणि सुसाना मानरूबिया यांनी २००१ साली गाल्टनच्या खेळात एक नियम वाढवला : अधूनमधून एखादं बाळ नवंच आडनाव घेऊन जन्मतं. तेवढ्याने देशोदेशीच्या याद्यांसारखं चित्र उमटलं. दुप्पट मोठी आडनावं साधारण पाव संख्येने. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये त्रेंब्ले हे अतिशय फैलावलेलं आडनाव आहे. ते सगळे १६४७ साली तिथे उतरलेल्या एका पिएर त्रेंब्लेचे वंशज. पिएर काही विलक्षण पुरुष नव्हता. नाणी त्याच्या बाजूने पडली.

इथवर सगळं ठीक. पण मराठी वाचक इथे खोडा घालणार, आणि घालावाच. आडनाव म्हणजे केवळ बापाकडून मुलाकडे जाणारी वस्तू असं आपल्याकडे कधी होतं?

दत्तकाचंच घ्या. गाल्टनच्या खेळात शून्याच्या घरात गेलेली सोंगटी परत येत नाही. आपल्याकडे येते. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. गणिताच्या हिशोबाने संपलेली शाखा पुन्हा एकवर आली. दत्तकाने वंश सावरणं ही इतकी रुळलेली गोष्ट होती, की ती नामंजूर करणं हेच डलहौसीचं हत्यार ठरलं. १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी गेली ती लढाईत नव्हे, एका अर्थी समीकरणात. गाल्टनचा नियम कायदा म्हणून लादला, की दर दोन-तीन पिढ्यांनी कुठलं ना कुठलं संस्थान आपोआप मोकळं होणार.

मग पदांची आडनावं. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही नावं एका मूळ पुरुषापासून निघालेली नाहीत. गावोगाव स्वतंत्रपणे उगवली. जाधव, पवार, गायकवाड तर कितीतरी जातींत आहेत. या नावांचा विस्तार पाहून कुणाला किती मुलगे झाले हे सांगू पाहणं फुकट. कोकणात आणि गोव्यात गाव बदललं की नवं 'कर' तयार. बेने इस्राएल समाजाने किहीम, पेण, रोहा ही गावं केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावांत बांधून थेट इस्राएलपर्यंत नेली. गोव्यात उलट झालं. पोर्तुगिजांच्या काळात धर्मांतर झालेल्या असंख्य घरांना फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज अशी मोजकी आडनावं मिळाली, आणि जुनी एका पिढीत पुसली गेली, मुलगे भरपूर असूनही. कोरियात २०१५ च्या जनगणनेत किम, ली आणि पार्क या तिघांतच सुमारे पंचेचाळीस टक्के लोक बसले. त्यामागेही निव्वळ नाण्यांचा खेळ नाही. जुन्या दर्जांची उतरंड मोडली आणि नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा सामान्य लोकांनी प्रतिष्ठितांची आडनावं उचलली. आपल्या राजपत्रातलं नावबदलाचं सदर वाचलंत तर झानेत्तेंचा तो वाढीव नियम दर आठवड्याला चालू दिसेल.

तेव्हा हा नमुना चुकीचा का? नाही, पण तो पट्टीसारखा वापरायचा, चित्रासारखा नाही. खरी आडनावं पट्टीपासून किती सरकतात ते मोजलं, की दत्तक, स्थलांतर, प्रतिष्ठा, धर्मांतर यांचा हात किती ते कळतं. कांदोलची शंका हीच तर होती.

जिवंत पुरावा आता रक्तातूनही मिळतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, अगदी आडनावासारखं. इंग्लंडमध्ये ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली दाखवलं, की दुर्मिळ आडनावांच्या माणसांत वाय गुणसूत्रं बरीच जुळतात, आणि स्मिथसारख्या आडनावांत मुळीच नाही. स्मिथ हा तिकडचा कुलकर्णी. पण लेस्टरच्या एका पार्किंगखाली २०१२ साली सापडलेला राजा तिसरा रिचर्ड याने सगळ्यांची गंमत केली. त्याचं आईकडचं रक्त त्याच्या बहिणीच्या मुलीच्या मुलीच्या वाटेने आलेल्या आजच्या वंशजांशी जुळलं. कागदोपत्री त्याच्या पुरुषशाखेतल्या पाच जणांपैकी एकाचंही वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळलं नाही. वंशावळ ठाम असते. नाव लावणं आणि रक्त असणं यांत एखादी कडी कुठेतरी निसटलेली असते.

आज हा विषय का? एक तर घरं लहान झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला प्रजननदर १.७ आहे. म्हणजे दर पुरुषामागे एकाहून कमी मुलगे, ०.८८ च्या आसपास धरू. बिएनेमेच्या नियमाने आपण रेषेच्या खाली उतरलो आहोत; हाच दर कायम राहिला तर प्रत्येक आडनाव बुडणार. कधी, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मोठ्या-लहानांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लाखभर पुरुषांचं आडनाव या दराने एकावर यायला नव्वद पिढ्या लागतील. ज्या आडनावाचे आज पाचच पुरुष आहेत त्याला फारशी मुदत नाही.

दुसरं कारण, या हिशोबाचे भलते वापर. जपानमध्ये कायद्याने नवरा-बायकोने एकच आडनाव लावायचं असतं. २०२४ साली तोहोकू विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ हिरोशी योशिदा यांनी हिशोब केला, की २५३१ सालापर्यंत सगळे जपानी 'सातो' होतील. आज सातो दीड टक्का आहेत, वर्षाला १.००८३ पट वाढतात. गुणत जा, पाचशे आठ वर्षांनी शंभर टक्के. कायद्याकडे लक्ष वेधायला केलेला तो हिशोब, आणि गृहीतकं त्यांनी स्वतःच सांगितली होती. पण बातम्यांत गृहीतकं गळली. सातोंची वाढ जशी शंभराकडे जाईल तशी मंदावणार, कारण सातोशी लग्न करायला सातोच उरणार, हे एवढंही कुणी विचारलं नाही.

तिसरं कारण घरचं आहे. हा सगळा नमुना मुलींना मोजत नाही. गाल्टनने कोड्यातच लिहिलं होतं, की प्रौढ पुरुषांपुरतंच बोलू. म्हणून 'वंश बुडाला' या वाक्यात बुडतं ते फक्त मोजण्याच्या एका रीतीचं फळ. उलट करून आया-मुलींची साखळी मोजा; त्याही अशाच झपाट्याने खुंटतात, आणि मागे मागे जात सगळ्या मानवजातीच्या अशा साखळ्या एकाच स्त्रीशी मिळतात. १९८७ साली कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी ही गोष्ट जगापुढे आणली तेव्हा लोकांना वाटलं, तेव्हा पृथ्वीवर एकच बाई होती. बायका पुष्कळ होत्या. बाकीच्यांच्या मुलींची साखळी कुठेतरी मुलग्यांवर येऊन थांबली, इतकंच. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने नावात आईचं नाव आणलं, पण आडनावाची जागा होती तिथेच आहे, आणि गाल्टनचं गणितही.

पुस्तकात काय आहे त्याबद्दल थोडं. नाण्यांपासून सुरुवात करून समीकरणापर्यंत जाण्याची वाट शाळेतल्या बीजगणितावर भागेल अशी आखली आहे. इतिहास सविस्तर आहे, कारण या विषयात चुका बरोबर उत्तरांपेक्षा जास्त शिकवतात. सगळ्यात जास्त मेहनत मात्र कुलवृत्तांतांवर झाली. विसाव्या शतकात आपल्याकडे, विशेषतः कोकणस्थांत, घराण्यांची जाडजूड पुस्तकं छापायची जी परंपरा पडली ती संशोधकाला खजिनाच. पण तो खजिना फसवा आहे. बुडालेलं घराणं कुलवृत्तांत छापत नाही. जी छापतात ती वाचलेली, आणि बहुतेक भरभराटलेली. त्यांच्या पानांवरून त्या काळी घराला किती मुलगे असत हे काढलं, तर उत्तर हमखास फुगलेलं येतं. ही फूग कशी काढायची हा या पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग, आणि बहुधा सगळ्यात कंटाळवाणा. वाचकाने तो ओलांडला तरी मी रागावणार नाही.

तुमचं आडनाव कुठून आलं, ते या पुस्तकात सापडणार नाही. तुमच्या शाखेचं पुढे काय होईल तेही नाही.

छपाईच्या आधी आमची वंशावळ पुन्हा काढायला घेतली. या वेळी मुलीही लिहायच्या ठरवल्या. ज्या शाखेवर वारुळाचा आळ होता, तिथल्या शेवटच्या पुरुषाला तीन मुली होत्या, ही माहिती गावातल्या एका म्हाताऱ्या आत्यांकडून मिळाली. त्यांतल्या दोघींचे वंशज सापडले : नाशिकला, हुबळीला आणि एक कुटुंब कॅनडात. त्यांना आमच्या झाडात जागा करायला डावीकडे कागद जोडावा लागला, मग त्याच्या वर आणखी एक. 'नि.' हे अक्षर खोडायचं की ठेवायचं यावर घरात अजून एकमत नाही.